आठवी-नववीच्या मुलांचे प्रश्न शाळेत कुठे जातात?

प्रयोगवही

पाचवीत एका तासात चार वेळा हात वर करणारं मूल आठवी-नववीत मान खाली घालून फळ्यावरचं उतरवत बसतं. पालकसभेत याला "आता गंभीर झाला" म्हणतात. मला ते नुकसान वाटतं, आणि बरंचसं टाळता येण्यासारखं वाटतं, म्हणून नागपूरच्या या चर्चामंचावर हा धागा.

बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि आठवीत फक्त तिचं मोजमाप करायचं असतं, हा समज आधी बाजूला ठेवू. २०११ साली 'नेचर'मध्ये लंडनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. सुरुवातीला १२ ते १६ वर्षांच्या असलेल्या ३३ मुलांची बुद्ध्यंक चाचणी आणि मेंदूचं स्कॅनिंग तीन-चार वर्षांच्या अंतराने दोनदा केलं. काहींचे गुण २० अंकांपर्यंत वर गेले होते, काहींचे तितकेच खाली आले होते, आणि मेंदूच्या संबंधित भागांतले बदल त्याच्याशी जुळत होते. ३३ मुलं हा लहान नमुना आहे, त्यावर मोठे दावे करू नयेत. पण "हा मुलगा एवढाच" असं नववीत ठरवून टाकायला आधार नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या थेट हातातली आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याचं नाव घेतात, असं तिला आढळलं. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंद किंवा जास्त केली की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. थांबायच्या जागा दोन आहेत: आपल्या प्रश्नानंतर, आणि मुलाच्या उत्तरानंतर. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात. मूल "कारण हवा गरम होते..." एवढं बोललं की लगेच "शाब्बास, बरोबर" येतं आणि पुढचं निम्मं वाक्य तिथेच राहतं. हे "शाब्बास"सुद्धा तीन सेकंद थांबवा.

इथे शिक्षक आहेत, समुपदेशक आहेत, पालक आहेत. विनंती एकच. "पद्धतच वाईट" एवढ्यावर थांबू नका. ३५ मिनिटांच्या तासिकेत, ६० मुलांच्या वर्गात काय करता येतं आणि ते कुठे फसतं, ते लिहा.

गोरेवाडा_नाका

प्रश्नपेटीपासून सुरुवात करतो, कारण ती अनेक शाळांत असते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर धूळ असते.

पेटी फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेली असते, तिथे जायलाच मुलं कचरतात. उघडण्याचा वार ठरलेला नसतो. आणि उघडली तरी शिक्षक एकामागून एक उत्तरं देऊन मोकळे होतात. प्रश्न विचारला की दोन मिनिटांत उत्तर मिळून विषय बंद, एवढंच मूल त्यातून शिकतं.

त्याऐवजी पंधरा दिवसांतून एक तासिका अशी घ्या. फळ्यावर प्रश्न लिहायचा नाही, एक वस्तू किंवा एक वाक्य ठेवायचं. उदाहरणार्थ, अर्ध्या कापलेल्या दोन संत्र्यांच्या फोडी, एक आंबिया बहराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा) आणि एक मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा). (दोन्ही एकाच दिवशी बाजारात मिळणं कठीण, तेव्हा एकीचा फोटो चालतो.) किंवा नुसतं वाक्य: "शेतकरी संत्र्याच्या झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात." पाच-सहा जणांचे गट करा. सात मिनिटं फक्त प्रश्न लिहायचे. या वेळात उत्तर द्यायचं नाही, कोणाच्या प्रश्नाला हसायचं नाही, विचारला तसाच शब्दशः लिहायचा, आणि कोणी विधान केलं तर त्याचं प्रश्नात रूपांतर करायचं. मग पाच मिनिटं प्रत्येक गटाने एक "हो-नाही"चा प्रश्न "कसं" किंवा "का"चा करायचा आणि एक "का"चा प्रश्न मोजता येईल असा करायचा. हा भाग गाळू नका. "ताण दिल्याने (म्हणजे मुद्दाम पाणी तोडल्याने) बहर येतो का?" इथून "किती दिवस पाणी तोडलं की पानं कोमेजायला लागतात?" इथवर मूल स्वतः पोचतं, तेव्हा त्याला प्रयोग म्हणजे काय ते कळायला लागतं.

शेवटी प्रत्येक गटाने तीन प्रश्न निवडायचे आणि त्यांचे तीन ढीग करायचे: पुस्तकात सापडतील असे, करून किंवा मोजून पाहता येतील असे, आणि माणसांना विचारावे लागतील असे. पहिला ढीग घरी. दुसरा पुढच्या तासिकेला. तिसऱ्यासाठी कळमन्याच्या बाजारात किंवा काटोल-नरखेडकडे ज्यांच्या नात्यात बागा आहेत त्या मुलांना कामाला लावा.

सुरुवातीच्या एक-दोन तासिकांत प्रश्न पोरकटच येतात. तिथे धीर सोडू नका.

इतवारी

सर, सगळं बरोबर आहे पण साठ पोट्टे एका वर्गात, अन् सायन्सच्या कपाटात दोन चालू थर्मामीटर. कपाटाची चावी सुटीवर गेलेल्या सरांकडे. कसं करून राहिले लोक हे?

मानेवाडा_रिंगरोड

मी विरुद्ध बाजू मांडतो. 'असर' या ग्रामीण शिक्षण-पाहणीचा २०२३चा अहवाल १४ ते १८ वयोगटाचा होता. त्यात सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. ज्याला ७३२ भागिले ६ येत नाही, त्याच्यासमोर संत्र्याची फोड ठेवून काय होणार? आधी पाया, मग कुतूहल. नाहीतर ही सगळी चांगल्या घरच्या मुलांची मजा ठरते.

प्रयोगवही

मानेवाडा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण "आधी-मग" हा क्रम मला पटत नाही. जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी मांडलेली कल्पना अशी: आपल्याला थोडं माहीत आहे आणि थोडं माहीत नाही ही फट जाणवली की कुतूहल जागं होतं. काहीच माहीत नसेल तर फट दिसत नाही, सगळं माहीत असेल तर फट उरतच नाही. म्हणजे ज्ञान हवंच. पण भागाकारसुद्धा त्या फटीतून शिकता येतो. संत्र्याच्या एका क्रेटचं वजन, शेतकऱ्याला मिळालेला दर, अडत, हमाली, तोलाई आणि शेवटी सीताबर्डीत हातगाडीवरचा किलोचा भाव, एवढं कागदावर मांडलं की भागाकार आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ज्याला येत नाही तो तो शिकायला तयार होतो, कारण आता त्याला उत्तर हवं असतं. उजळणीचा वेगळा तास काढून टाका असं मी म्हणत नाही. तो ठेवा. पण वर्षभर फक्त उजळणीच मिळालेल्या मुलाला शाळा म्हणजे आपल्याला न येणाऱ्या गोष्टींची यादी वाटते.

वर्धारोड_१२

इतवारींच्या प्रश्नाचं उत्तर थर्मामीटरनेच देतो. नागपुरातल्या मुलांना रोज दिसणारी, पण शाळेत कोणी न विचारलेली गोष्ट म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलर लावला की झोप येते आणि जुलैत तोच कूलर लावला की अंग चिकचिकतं, असं का? दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये 'उष्णता' हा धडा आहे, त्यात अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू सगळं आहे. मुलं व्याख्या पाठ करतात आणि आर्द्रतेचं गणित सोडवतात. पण तेच गणित आपल्या खिडकीत फिरतंय हे त्यांना कोणी दाखवत नाही.

साहित्य: प्रयोगशाळेतले साधे थर्मामीटर, लाल द्रवाचे घ्या, पाऱ्याचे नको. साठ मुलांना आठ थर्मामीटर म्हणजे चार जोड्या पुरतात. गट पंधराचा होतो, पण निम्मा गट अंदाज आणि आलेख करतो आणि निम्मा मोजतो, मग बदली. दोनच थर्मामीटर असतील तर पुढच्या बाकावर एकच जोडी लावा आणि दर मिनिटाला वेगळं मूल वाचायला बोलवा. तेही चालतं. पातळ मलमलीचं धुतलेलं कापड, दोरा, औषधाची रिकामी बाटली, पुठ्ठा, मोबाईलचं घड्याळ.

पहिली पायरी सगळे गाळतात: दोन्ही थर्मामीटर एकाच भांड्यातल्या पाण्यात तीन मिनिटं ठेवा. स्वस्त थर्मामीटरमध्ये एक-दोन अंशांचा फरक असतोच. तो फरक वहीत लिहून ठेवा आणि जो थर्मामीटर जास्त दाखवतो त्याच्या पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. हे केलं नाही तर जुलैतलं वाचन निरुपयोगी ठरतं, कारण तेव्हा मोजायचा फरकच तीन अंशांचा असतो.

मग एका थर्मामीटरच्या फुग्याभोवती मलमलीचा एकच पदर गुंडाळा, दोऱ्याने सैलसर बांधा आणि कापडाचं टोक बाटलीतल्या पाण्यात सोडा. फुगा पाण्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर राहिला पाहिजे. दुसरा थर्मामीटर कोरडा. दोन्ही सावलीत, भिंतीपासून दूर. पुठ्ठ्याने सलग वारा घाला आणि दर ३० सेकंदांनी दोन्ही वाचनं लिहा. ओलं वाचन खाली उतरत जातं आणि चार-पाच मिनिटांत स्थिरावतं. ते स्थिर झालेलं वाचन धरायचं.

एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर ओला थर्मामीटर साधारण २३ वर थांबतो, म्हणजे १७ अंशांचा फरक. जुलैत हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो २८ वर थांबतो, फरक फक्त ३ अंश. कूलरमधून येणारी हवा ओल्या वाचनापेक्षा खाली जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्या (कूलरच्या बाजूंचे पाणी झिरपणारे गवताचे पडदे) असतील तर या फरकाच्या पाऊण हिश्शापर्यंत ती पोचते. आता मुलं स्वतः हिशोब करतात: एप्रिलमध्ये सुमारे १३ अंश गारवा, जुलैत जेमतेम दोन.

फसतं कुठे? कापड जाड असलं किंवा दोन-तीन पदर झाले तर वाचन उतरायला फार वेळ लागतो आणि तास संपतो. नळाच्या जड पाण्याने चार-पाच वापरांत कापडावर क्षार बसतात आणि ते पाणी ओढत नाही; दर वेळी नवा तुकडा घ्या. मुलं वाचायला इतकी जवळ जातात की श्वास फुग्यावर लागतो. आणि वारा थांबला की वाचन चढतं. ही शेवटची "चूक" मुद्दाम होऊ द्या, त्यावरून "कूलरला पंखा का लागतो?" हा प्रश्न वर्गातूनच येतो.

मोजायच्या आधी प्रत्येकाने आपलं कारण लिहिलेलं असलं पाहिजे. ठरलेली दोन कारणं येतात: "उन्हाळ्यात आपण कूलरमध्ये गार पाणी टाकतो म्हणून" आणि "पावसाळ्यात हवा जड असते म्हणून". ती खोडू नका, तपासायला लावा. एका बाटलीत बर्फाचं पाणी आणि दुसरीत नळाचं पाणी घेऊन दोन ओले थर्मामीटर लावा. बाटल्या लहान ठेवल्या तर बर्फ वितळून पाणी सामान्य झाल्यावर दोन्ही वाचनं जवळजवळ एकाच जागी येतात. गारवा पाण्याच्या थंडपणातून नाही, पाणी उडण्यातून येतो हे इथे डोळ्यांना दिसतं. एक लिटर पाणी उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती खोलीच्या हवेतून जाते. घरचा कूलर तासाला किती लिटर पाणी पितो ते टाकीवर खूण करून मुलं घरी मोजू शकतात, आणि मग हा आकडा त्यांचा होतो.

वेळापत्रकाची अडचण: मे महिन्यात सुटी, आणि विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून पहिलं मोजमाप आठवी-नववीत मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये, दुसरं पुढच्या वर्गात जुलैत. एकच वही दोन वर्षं चालली पाहिजे. वर्ग बदलला की वही रद्द करण्याची शाळांची सवय इथे आडवी येते.

इतवारी

हे जमण्यासारखं आहे. एक विचारतो: खिडकी उघडी ठेवून कूलर लावा म्हणतात, त्याचंही यातच येते का?

वर्धारोड_१२

येतं. ओली-कोरडी जोडी कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, समोरची खिडकी बंद करून ०, १५ आणि ३० मिनिटांनी वाचा. दोन्हींतला फरक कमी होत जातो, म्हणजे हवा ओली होत जाते. खिडकी उघडा आणि पुन्हा वाचा. घरचा प्रयोग म्हणून द्यायला उत्तम, आणि घरातले मोठेही त्यात ओढले जातात.

हनुमाननगर_ताई

नववीतला मुलगा, अकरावी-बारावीला इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि क्लास एकत्र) नक्की होणार, नीटची तयारी आतापासून सुरू करा असं सगळीकडून सांगतात. अशा वेळी कूलर मोजायला वेळ कुठून काढायचा? पालक म्हणून काळजी वाटते. खरंच सांगा, नुकसान होईल का?

मेडिकल_चौक

ताई, परीक्षेचं स्वरूप आधी पाहू. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, ७२० गुण. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, ३०० गुण. प्रश्नाला एक मिनिट किंवा अडीच मिनिटं मिळतात तिथे "असं का होतं?" हा विचार परीक्षेच्या आधीच झालेला असावा लागतो, हॉलमध्ये त्याला वेळ नसतो. म्हणूनच तो नववी-दहावीत व्हायला हवा. अकरावीत उष्मागतिकी आली की ज्याने ओलं-कोरडं वाचन हाताने घेतलंय, त्याला सूत्र कुठे लावायचं हे चटकन सुचतं.

नियमाची बाजूही माहीत असू द्या: जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं म्हटलं आहे. नववीत "फाउंडेशन"साठी घाई करणाऱ्यांना हे दाखवा.

आणि झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असते, आणि या वयात मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे झोपच उशिरा येते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते चांगलंच केलं. पण ज्यांच्या शरीराचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती नववी-दहावीची मुलं सकाळच्या शिफ्टमध्ये सातला बाकावर बसतात आणि संध्याकाळी क्लासला जातात. अर्धवट झोपेत कुतूहल कोणाचंच चालत नाही. एखादा क्लास कमी करून तासभर झोप वाढवली तर अभ्यास कमी नाही, जास्त होतो.

वळण

शाळेत समुपदेशनाचं काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. या धाग्यात सगळे प्रश्न थर्मामीटरचे चालले आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या डोक्यात सर्वांत जास्त फिरणारे प्रश्न वेगळे असतात: माझ्या शरीरात हे काय होतंय, आमच्या घरी ती मैत्रीण का नको, जात म्हणजे नेमकं काय, बाबा रोज का पितात, आजी गेली म्हणजे कुठे गेली, मी पुढे काय होणार. शाळेत हे विचारायला जागा नसेल तर मुलं ते फोनला विचारतात आणि मिळेल ते उत्तर खरं धरतात.

यासाठी चिठ्ठ्यांचा तास घ्या. पद्धत काटेकोर हवी. सगळ्यांना एकाच मापाचे कागद, एकाच रंगाचे पेन. प्रत्येकाने लिहायचंच, प्रश्न नसेल तर "आज प्रश्न नाही" असं पूर्ण वाक्य लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या वर्गात उघडायच्या नाहीत. शिक्षकाने एकट्याने वाचायच्या, सारखे प्रश्न एकत्र करायचे, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचे आणि पुढच्या आठवड्यात चर्चेला घ्यायचे. चर्चेत "तू", "तुझ्या घरी" असे शब्द नकोत. "एखाद्या मुलीला", "काही घरांत" असं बोलायचं. माहितीच्या प्रश्नाला सरळ माहिती द्यायची. पाळी, स्वप्नदोष, मुरूम यांवर आडवळणाने बोललं की मुलं लगेच ओळखतात आणि पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या "आज प्रश्न नाही"च्या येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मुलांना स्वच्छ सांगा: "कोणाला त्रास होतोय असं कळलं तर मी ते गुप्त ठेवू शकणार नाही, मदत मागावीच लागेल." पूर्ण गुप्ततेचं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा शंका आली तर पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेची अब्रू, संस्थेची बैठक, "आधी पालकांशी बोलू" यांत वेळ घालवायचा नाही. मुलांना १०९८ हा बालमदतीचा (चाइल्डलाइन) क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला दिसू द्या.

आणि उपदेश नको. "जात म्हणजे काय" या प्रश्नाला "सगळे समान आहेत" असं उत्तर दिलं की चर्चा संपते आणि जे मूल रोज वेगळं अनुभवतं ते गप्प होतं. दीक्षाभूमी असलेल्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला काय झालं आणि लाखो लोकांनी ते का केलं, हा प्रश्न नववीच्या वर्गात मोकळेपणाने विचारता आलाच पाहिजे. त्यासाठी शिक्षकाने स्वतः वाचून यावं लागतं.

गोरेवाडा_नाका

'वळण' यांच्या पोस्टबद्दल आभार, ही बाजू राहूनच गेली होती.

सहलीबद्दल थोडं. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, शाळा मुलांना रांगेने सगळ्या दालनांतून फिरवतात आणि तासाभरात बाहेर काढतात. तसं न करता दोनच दालनं घ्या. दोघांच्या जोडीने एक वस्तू निवडायची आणि तिच्याखालची पाटी न वाचता पंधरा मिनिटं तिचं चित्र काढायचं. चित्र काढताना हाताला दिसतं ते नुसत्या नजरेला दिसत नाही: कडा कुठे झिजली आहे, भोक कशासाठी असेल, दोन तुकडे कसे जोडले असतील. मग तीन प्रश्न लिहायचे, मग पाटी वाचायची. सोमवारी संग्रहालय बंद असतं, ते पाहून दिवस ठरवा.

शहराची जमीनसुद्धा असा धडा आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, सीताबर्डी इथे ज्वालामुखीचा काळा दगड, आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस (पट्टेदार रूपांतरित) खडक. काळ्या दगडाचा ताजा फुटलेला तुकडा हातात घेऊन पाहा, त्यात बारीक पोकळ्या आणि काही पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेले दिसते. लाव्हातले वायूचे बुडबुडे तिथे होते. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये धर्मप्रचारक म्हणून नागपुरात आले आणि टाकळी, सीताबर्डी परिसरात जीवाश्म शोधत फिरले. त्या कॉलेजवरून रोज जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असतं?

मानेवाडा_रिंगरोड

कूलरची वही मला पटली. पण गुणांचं काय? मुलं आणि पालक गुण नसलेल्या गोष्टीला वेळ देत नाहीत, हे वास्तव आहे. आणि गुण ठेवले की मुलं गुणांसाठी प्रश्न विचारायला लागतील.

प्रयोगवही

दोन्ही धोके खरे आहेत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी लहान मुलांवर केलेला प्रसिद्ध प्रयोग आहे: ज्यांना चित्र काढण्यासाठी आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती, त्यामुळे नववीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण इशारा घ्यावा.

माझ्या मते तोडगा असा. प्रश्नाला गुण नाहीत, नोंदीला गुण. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या २० गुणांत शाळेला थोडी मोकळीक असते, तिथे हे बसवा. प्रयोगाआधी लिहिलेला अंदाज आणि त्याचं कारण आहे का. सगळी वाचनं आहेत का, खोडलेलीसुद्धा. अंदाज चुकला तर तो का चुकला हे लिहिलंय का. आणि दुसऱ्या गटाच्या वहीवर एक तपासण्याजोगा प्रश्न लिहिलाय का. "बरोबर उत्तर" आलं की नाही याला शून्य गुण ठेवा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा ओला थर्मामीटर अचूक २३ वर थांबतो, कारण पुढच्या बाकावरून आकडा मागे सरकतो. खोडलेल्या वाचनांना गुण दिले की ही नक्कल बरीच थांबते, कारण नक्कल केलेल्या वहीत खाडाखोड नसते.

हे आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर करून झालेलं आहे. नागपूरहून इटारसीच्या रेल्वेमार्गाने गेलं की जो होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्हा लागतो, तिथे १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुलं प्रयोगातून धडा शिकत, परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून बसत, आणि प्रात्यक्षिक परीक्षाही होत असे. 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला मुलं पत्र पाठवून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं मिळत. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांनी, साध्या साहित्याने हे केलं. त्यामुळे "आपल्याकडे होत नाही" हे मला मान्य नाही. आपल्या शहरातही अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिकेच्या शाळांची मुलं फुगे, बाटल्या, स्ट्रॉ यांचे प्रयोग येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगतात. ते पाहायला आपल्या वर्गाला न्या आणि प्रत्येकाला एकच काम द्या: समोरच्या मुलाला असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर तो प्रयोग पुन्हा करूनच देता येईल.

हनुमाननगर_ताई

आभार सगळ्यांचे. घरी काय करता येईल ते कोणी सांगाल का? आणि मुलगा सगळं फोनवर विचारतो, त्याचं काय?

वळण

फोन काढून घेऊ नका, क्रम बदला. आधी अंदाज कागदावर, दोन ओळी का होईना. मग फोन. मग "तुझ्या अंदाजात आणि या उत्तरात फरक कुठे आहे?" एवढंच विचारा. मुलगा फोनवरचं उत्तर वाचून दाखवेल तेव्हा "हे कसं तपासायचं?" हा दुसरा प्रश्न. जेवणाच्या वेळी "आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" येतं, "आज वर्गात कोणी काय विचारलं?" असं विचारून पाहा. आणि तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर तसंच सांगा, "मलाही माहीत नाही, बघू या."

वर्धारोड_१२

ताई, कूलरची वही घरूनच सुरू करा. टाकीवर पट्टीने खुणा, सकाळी आणि रात्री पाण्याची पातळी, खिडकी उघडी की बंद, आणि बाहेरचं तापमान. टाकी आयताकृती असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले पातळीतली घट, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि येईल त्याला १,००० ने भागलं की लिटर. स्वयंचलित भरणारा तरंगता बॉल असेल तर मोजताना त्याचा नळ बंद ठेवा, नाहीतर पातळी हलतच नाही. मार्चअखेर सुरू केलं तर पहिल्या पावसापर्यंतची नोंद हाती येईल, आणि पाऊस पडल्या दिवशी पाणी एकदम कमी लागलेलं मुलाला स्वतःच्याच आलेखात दिसेल.

इतवारी

आमच्या वर्गासाठी कपाटाची चावी आज मागून घेतो. मलमल कोणती घ्यायची ते तेवढं सांगा, पायजम्याची चालते का?

वर्धारोड_१२

जुनी, खूप वेळा धुतलेली चालते. नव्या कापडाला खळ असते, ती पाणी ओढू देत नाही. नवंच असेल तर सोडा घालून दहा मिनिटं उकळा, दोन पाण्यांत खळबळून काढा आणि तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा.